रिकामी चौकट

गेल्या श्रावणातली गोष्ट. आठवीच्या मुलांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवावा असे मी योजले होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. संगणक शिकलो तोही चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि बराचसा विद्यार्थ्यांकडूनच. तरी हौस दांडगी. चित्रकलेच्या तासासाठी मी स्वतःच्या हाताने एक छोटेसे संकेतस्थळ रचले होते. आदल्या रात्री घरच्या संगणकातली प्रत उघडून पाहिली, तर पद्मपाणी आपल्या जागी प्रसन्न उभा होता. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पडद्यावर तेच पान इंटरनेटवरून उघडले. मजकूर सगळा जागच्या जागी होता. चित्राच्या ठिकाणी मात्र एक रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात फाटक्या कागदाची इवलीशी खूण!

मुले हसली. मी पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिले, ब्राउझर बंद करून सुरू केला. चौकट ढळली नाही. शेवटी फळ्यावर खडूने पद्मपाणीची मान कशी कलली आहे ते काढून दाखवले आणि तास कसाबसा संपवला.

माणसाची फजिती झाली की तो कारण शोधतो, आणि माझ्यासारखा गोष्टीवेल्हाळ असला की कारणाचेही कारण शोधत मागे मागे जातो. तसा जाता जाता मी येऊन पोहोचलो तो २५ फेब्रुवारी १९९३ या दिवसापाशी.

वेब जन्माला आले स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. तो शास्त्रज्ञांच्या कामासाठी होता. कागदपत्रे एकमेकांना जोडावीत एवढाच हेतू. चित्र पाहता येई, परंतु ते स्वतंत्र खिडकीत उघडे. मजकुराच्या पंगतीत चित्राला पान मांडलेले नव्हते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणककेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना हे दोघे तेव्हा मोझेक नावाचा ब्राउझर तयार करीत होते. वर सांगितलेल्या तारखेला अँड्रीसन यांनी वेबवर काम करणाऱ्या मंडळींच्या पत्रमंडळाला एक पत्र धाडले आणि 'आयएमजी' ही नवी खूण सुचवली. तिच्यासोबत 'एसआरसी', म्हणजे चित्राचा पत्ता, एवढे दिले की ब्राउझरने त्या पत्त्यावर जावे, चित्र आणावे आणि मजकुरात बसवावे. बर्नर्स-ली यांना ही तऱ्हा वेगळी हवी होती. चित्र हेही एक दुव्याचेच रूप मानावे, आणि ते जागीच दाखवायचे की नाही हे त्या दुव्याला जोडलेल्या शब्दांनी सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. इतरांनीही निरनिराळे पर्याय मांडले. परंतु चर्चा चालू असताना ज्याचा माल तयार असतो त्याचे चालते. मोझेक त्याच वर्षी लोकांच्या हाती गेला, पानात चित्र पाहून लोक हरखले, आणि 'आयएमजी' कायमची रुजली.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या चौकटीचे बीज इथेच आहे. या योजनेत चित्र पानात नसते. पानात असतो फक्त चित्राचा पत्ता. जुन्या छापखान्यात मजकुराचे खिळे वेगळे जुळत आणि चित्राचा ब्लॉक वेगळा येई, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की छापखान्यात ब्लॉक आला नाही तर फॉर्म यंत्रावर चढत नसे. ब्राउझर मात्र प्रत्येक वाचकासमोर पान नव्याने जुळवतो आणि ब्लॉक न आल्यास जागा मोकळी सोडून पुढे जातो. पत्ता चुकला, चित्र हलवले, सर्व्हर बंद पडला, दुसऱ्याने आपले चित्र परक्या पानावर लावण्यास मनाई केली, पान सुरक्षित वाटेने आले पण चित्राचा पत्ता जुन्या असुरक्षित वाटेचा राहिला, अशी कारणे कितीही सांगता येतील. मूळ एकच.

त्या पहिल्या पत्रात आणखी एक उणीव होती. चित्र न आले तर त्याच्या जागी वाचकाला काय सांगावे, याची सोय तीत नव्हती. 'आयएमजी' ही खूण एकेरी. तिच्या पोटात शब्द ठेवायला जागाच नाही. म्हणून पुढे 'आल्ट' हा पर्यायी मजकुराचा गुण तिला बाहेरून जोडण्यात आला. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये तो होता, पण ऐच्छिक. सक्तीचा झाला तो डिसेंबर १९९७ मधल्या एचटीएमएल ४.० पासून; आणि सक्तीचे नियम आपण कसे पाळतो हे मास्तराने सांगायला नको.

आरंभीच्या त्या वर्षांत रिकामी चौकट हा नेहमी दोषच असे असेही नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून ठिबकत येई. १४.४ किलोबिटचा मोडेम असला तर ५० किलोबाइटचे चित्र उतरायला २८ सेकंद लागत, तेही लाइन चांगली असली तर. म्हणून शहाणे लोक नेटस्केपमध्ये चित्रे आपोआप आणण्याची सोय बंद करून ठेवीत. ती काटकसर होती. गंमत अशी की संगणकांना देवनागरी नीट उमगत नव्हती तोवर काही मराठी संकेतस्थळे अक्षरांचीच चित्रे करून लावीत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांत ती विंडोज २००० च्या सुमारास शिरली. तोवर ज्याने चित्रे बंद केली त्याच्यापुरती त्या पानांवरची मराठीच नाहीशी होई!

मग चित्रांच्या जातींचे भांडण. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेली जिफ ही जात सर्वांची लाडकी. तिच्यात मजकूर आवळण्याची जी रीत वापरली होती तिचे पेटंट युनिसिस कंपनीकडे निघाले आणि १९९४ च्या डिसेंबरात परवान्याच्या पैशांची मागणी झाली. संतापलेल्या लोकांनी काही महिन्यांत नवी, मोकळी जात घडवली, ती पीएनजी. १ ऑक्टोबर १९९६ ला तिला वेब संघाची मान्यता मिळाली. परंतु नवी जात आली की जुना ब्राउझर तिला ओळखत नाही, हा अनुभव तेव्हापासून चालत आला आहे. गूगलची वेबपी २०१० साली आली. सफारीने तिला घरात घेतले २०२० मध्ये. आजही आयफोनवर काढलेला हीक जातीचा फोटो बऱ्याच ब्राउझरांत दिसत नाही, आणि पालक मला विचारतात की स्नेहसंमेलनाचे फोटो कुठे गेले!

चौकटीचा प्रश्न न्यायासनापर्यंतही गेला आहे. ब्रूस मॅग्वायर हे ऑस्ट्रेलियातले अंध गृहस्थ. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नाही, त्यामुळे आपल्याला ते वाचता येत नाही, अशी तक्रार त्यांनी १९९९ साली तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे केली. ऑगस्ट २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. संयोजकांनी तो पुरता पाळला नाही, तेव्हा त्यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. खेळ तोवर संपून गेले होते.

हे वाचले आणि मला माझ्या वर्गातला तो मुलगा आठवला. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली. पहिल्या बाकावर बसतो, आणि मोबाइलवर पाने उघडून कानाने वाचण्याची त्याला खास परवानगी आहे. आदल्या वर्षी एकदा तो मला म्हणाला होता, "सर, तुमच्या पानावर चित्र आलं की फोन नुसते आकडे बडबडतो." ते आकडे म्हणजे कॅमेऱ्याने दिलेली फाइलची नावे. मी ओशाळलो आणि त्या दिवसापासून प्रत्येक चित्राला आल्टचा मजकूर लिहू लागलो.

फजितीच्या दिवशी चौकटीच्या माथ्यावर तो मजकूर बारीक अक्षरांत उमटलेलाही होता. माझ्या घाबरगुंडीत तो मला दिसला नाही आणि मागच्या बाकांवरून कुणाला वाचता येण्यासारखा नव्हता. तास संपल्यावर तो मुलगा मात्र माझ्याजवळ आला आणि त्याने मला चित्र सांगितले: मस्तकावर उंच मुकुट, मान किंचित कललेली, पापण्या झुकलेल्या, उजव्या हातात कमळ. चाळीस डोळस मुलांना जे दिसले नाही ते त्याच्या फोनने त्याला वाचून दाखवले होते.

संध्याकाळी मी रीतसर तपास केला. एकाच पानावरचे एकच चित्र जात होते, बाकीची संकेतस्थळे धडधाकट. म्हणजे ब्राउझरमधली चित्रे बंद नव्हती की शाळेची लाइनही मंद नव्हती. चित्राचा पत्ता वेगळ्या खिडकीत उघडला, तर '४०४' असा जबाब आला, म्हणजे सर्व्हर जागा आहे, पण या नावाचे कोणी इथे राहत नाही. मग नावाकडे निरखून पाहिले. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाचे शेपूट इंग्रजी मोठ्या लिपीत लिहिले होते, मी पानात ते छोट्या लिपीत लिहिले होते. घरच्या विंडोजला मोठे-छोटे सारखेच. युनिक्सच्या घराण्यातल्या सर्व्हरला ती दोन निराळी नावे. दोष सर्वस्वी माझा. तीन अक्षरे बदलली आणि पद्मपाणी आला.

दुसऱ्या दिवशी वर्गाने तो डोळे भरून पाहिला. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कमळ कोणत्या रंगाचं? तुम्ही लिहिलं नाहीत." मी म्हटले, निळे. आणि त्या रात्री आल्टच्या मजकुरात तेवढा शब्द घातला.