थेम्सकाठची तीन महिन्यांची भिंत

मे २००८. सेंट पॉल कॅथीड्रलकडे पाठ करून तुम्ही मिलेनियम पुलावर पाऊल टाकता. खाली थेम्सचं गढूळ पाणी, समोर टेट मॉडर्न. कधीकाळी इथे लंडनसाठी वीज तयार व्हायची. ९९ मीटर उंचीची विटांची चिमणी अजून ताठ उभी आहे. आत कलासंग्रहालय सुरू होऊन आठ वर्षं झाली, पण नदीकडची ही भिंत आजवर कोरीच होती.

आता तिच्यावर रस्त्यावरच्या कलाकारांची सहा भव्य चित्रं आहेत, प्रत्येक सुमारे १५ मीटर उंच. बोलोन्याचा ब्लू, न्यूयॉर्कचे फेल, बार्सिलोनाचा सिक्सआर्ट, साओ पाउलोचा नुंका आणि तिथलेच जुळे भाऊ ओस जेमिओस. या भावांची पिवळ्या कांतीची माणसं तुम्ही लांबूनही ओळखता.

सहावा पॅरिसचा जेआर. त्याच्या कृष्णधवल छायाचित्रातला कृष्णवर्णीय तरुण तुमच्यावर बंदूक रोखून उभा आहे. तुम्ही थबकता. मग चार पावलं पुढे जाता आणि दिसतं, त्याच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आहे. बंदूक तुमच्याच मनात होती. हा लाड्ज ली, पॅरिसजवळच्या मोंफर्मेच्या गरीब वस्तीतला. पुढे २०१९ साली त्याच वस्तीवरच्या 'ले मिझेराब्ल' या चित्रपटासाठी तो कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार विभागून मिळवणार आहे. इथे जमलेल्या गर्दीला याची कल्पना नाही. तिला फक्त त्याची नजर दिसते.

आत 'स्ट्रीट अँड स्टुडिओ' हे शहरी छायाचित्रणाच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलंय. त्याला तिकीट आहे. बाहेर मात्र कामावर निघालेला माणूस, शाळेची पोरं, बोटीतले प्रवासी, सगळेच प्रेक्षक. जेआरची छायाचित्रं एरवी वस्त्यांच्या भिंतींवर खळ लावून चिकटवलेली असतात. आज त्यांना संग्रहालयाची भिंत मिळाली आहे.

जुलै उजाडतो. याच साउथवर्क भागातल्या न्यायालयात विनापरवाना ग्राफिटी काढणाऱ्या तरुणांना तुरुंगवासाची शिक्षा होते. तुम्ही पुन्हा भिंतीपाशी येता. इथल्या चित्रकारांनीही सुरुवात रस्त्यावरच केली होती. हातातला रंग तोच, फरक परवानगीचा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर कायदा बोलणारच, पण ज्या शहराला ही कला हवीशी वाटते, त्याने तिच्यासाठी हक्काच्या भिंतीही राखायला हव्यात.

२५ ऑगस्टला भिंतीवरचं प्रदर्शन संपतं आणि चित्रं उतरतात. पण टेटने त्या उन्हाळ्यात योग्य तेच केलं. संग्रहालयाची बाहेरची भिंत सगळ्या शहराला दिसते, म्हणून तिच्यावर पहिला हक्क तिकीट न काढणाऱ्याचा. तुमच्या शहरातल्या संग्रहालयाकडेही अशी एक भिंत मागा.