दारू बदलली आणि रायफल अडली

मे १९६७. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात न्यू जर्सीचे सदस्य जेम्स हॉवर्ड यांनी व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या एका मरीन सैनिकाचे पत्र वाचून दाखविले. लढाईत पडलेल्या सहकाऱ्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली सुट्या केलेल्या अवस्थेत आढळल्या, असे त्यात लिहिले होते. अडकलेली रायफल दुरुस्त करता करताच त्यांना मृत्यूने गाठले होते. ती रायफल होती एम-१६. तिच्या अपयशाची कारणे अनेक होती; पण त्यांतले एक मोठे कारण रायफलीत नव्हते, काडतुसातल्या दारूत होते.

बंदुकीची दारू म्हणजे नुसता स्फोट, हा समज चुकीचा आहे. बिनधुराची दारू स्फोट पावत नाही, ती अतिशय वेगाने जळते. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये त्यापासून पहिली उपयुक्त रायफल-दारू तयार केली. दाण्याचा आकार, त्यावरील लेप आणि नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण बदलले की जळण्याचा वेग बदलतो. त्याबरोबर नळीत दाब किती चढतो, केव्हा चढतो आणि किती काळ टिकतो, हेही बदलते.

हाताने खटका ओढून भरायच्या रायफलीत एवढे सांभाळले की पुरे. स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित रायफलीचे गणित मात्र याहून अवघड असते. गोळी पुढे जात असताना नळीतील एका छिद्रातून थोडा वायू बाजूला घेतला जातो. तोच वायू रिकामे काडतूस बाहेर फेकण्याचे आणि नवे भरण्याचे काम करतो. म्हणून येथे कक्षातील सर्वोच्च दाबाइतकाच त्या छिद्रापाशी उरलेला दाबही महत्त्वाचा ठरतो. दोन वेगवेगळ्या दारू गोळीला अगदी सारखा वेग देतील. पण छिद्रापाशी त्यांचा दाब सारखा असेलच, असे नाही.

युजीन स्टोनर यांनी एआर-१५ ही रायफल घडविली, तेव्हा तिच्या काडतुसात ड्यूपाँ कंपनीची आयएमआर ४४७५ ही दारू होती. बारीक नळ्यांच्या आकाराचे तिचे दाणे साच्यातून दाबून काढलेले असत. या रायफलीत वायू एका नलिकेतून थेट खटक्याच्या वाहकापर्यंत जात असे. मध्ये वेगळा दट्ट्या नव्हता. रचना हलकी होती, पण वायूच्या दाबाबाबत आणि स्वच्छतेबाबत हळवी होती.

१९६३ मध्ये लष्कराने मोठी मागणी नोंदविली आणि अडचण उभी राहिली. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५० फूट असावा आणि कक्षातील दाब चौरस इंचाला ५२,००० पौंडांच्या मर्यादेत राहावा, अशा दोन अटी होत्या. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात जुन्या दारूला त्या दोन्ही एकाच वेळी पाळणे जड जाऊ लागले. पर्याय शोधणे भाग पडले, आणि १९६४ मध्ये ऑलिन कंपनीच्या डब्ल्यूसी ८४६ या गोलदाणी दारूला मान्यता मिळाली.

ही दारू निकृष्ट नव्हती. नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून पाण्यात ढवळले की त्याचे गोल थेंब बनतात; तेच पुढे दाणे होतात. पद्धत जलद, आणि बरेचसे काम पाण्यात होत असल्याने सुरक्षितही. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसात अशी दारू आधीपासून वापरात होती. नव्या काडतुसातही तिने वेग आणि दाब या दोन्ही अटी पाळल्या. कागदावर निवड योग्यच दिसत होती.

मात्र छिद्रापाशी तिचा दाब जास्त होता. रायफलीचा खटका ठरल्यापेक्षा लवकर आणि जोराने मागे येऊ लागला. काडतुसाचे पितळी कवच कक्षाच्या भिंतीला चिकटलेले असतानाच ते ओढले जाई. कधी त्याची कड तुटे आणि कवच आतच राही. मिनिटाला ८५० गोळ्यांची कमाल मर्यादा ओलांडली जाऊ लागली. शिवाय आम्ल निष्प्रभ करण्यासाठी या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नलिकेत साचू लागला. त्यात कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता, हवा दमट होती आणि अनेक सैनिकांना सफाईची साधनेही मिळाली नव्हती.

सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच होती. गोलदाणी दारूने रायफली वेगमर्यादेच्या चाचणीत टिकत नाहीत, हे कारखान्यात लक्षात आले होते. तेव्हा स्वीकृतीच्या चाचणीत दुसऱ्या दारूची काडतुसे वापरण्याची मुभा देण्यात आली. चाचणी एका दारूवर, लढाई दुसऱ्या दारूवर! प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात हा व्यवहार उघडा पाडला आणि अधिकाऱ्यांची निष्क्रियता गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवरची ठरविली.

पुढे खटक्याचा वेग आवरणारा नवा बफर आला, कक्षाला क्रोमचा मुलामा मिळाला, सफाईची साधने पोहोचली, दारूतील कॅल्शियम कार्बोनेट कमी झाले. विशेष म्हणजे गोलदाणी दारू हद्दपार झाली नाही. तिचीच सुधारित आवृत्ती नंतरही त्या काडतुसात राहिली. दोष तिच्या एकटीचा नव्हता. दारू आणि यंत्र यांची जोडी न तपासता जुळविण्याचा होता.

हाच धडा त्याहून जुन्या एम-१ गॅरंड या अमेरिकी अर्धस्वयंचलित रायफलीनेही दिला आहे. सावकाश जळणारी दारू तिच्यात भरली, तर छिद्रापाशी दाब वाढतो आणि खटका चालविणारा लांब दांडा वाकू शकतो. गोळीचा वेग मात्र बिनचूक येतो. म्हणूनच काडतुसे पुन्हा भरणाऱ्यांसाठीच्या काही पुस्तिकांत गॅरंडचे तक्ते स्वतंत्र दिलेले असतात.

भारतालाही हा विषय परका नाही. ब्रिटिशांच्या कॉर्डाइट या दारूत आरंभी ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. तिच्या उष्णतेने नळ्या झिजू लागल्या, तेव्हा ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील अरुवंकाडू येथे कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला, आणि प्रणोदकांचे उत्पादन तेथे आजही होते.

पर्यायी घटक मोजक्या अटी पाळतो, एवढ्यावर तो पर्याय ठरत नाही. ज्या गोष्टी कोणी मोजायच्या ठरविल्या नव्हत्या, त्यांचीही परीक्षा व्हावी लागते. डब्ल्यूसी ८४६ ने कागदावरच्या दोन्ही अटी पाळल्या होत्या. तिसरी अट कोणी लिहिलीच नव्हती. ती पुढे रणांगणावर कळली, आणि तिची किंमत सैनिकांनी मोजली.