संशोधन संस्थांतील सत्ता आणि शास्त्रज्ञांचे बाहेर पडणे

विसाव्या शतकात भारतातील अनेक संशोधन संस्था एकेका कर्तबगार संचालकाभोवती उभ्या राहिल्या. विषयांची निवड, पैशांची वाटणी, नेमणुका आणि मुदतवाढ यांवर त्याचाच शब्द चाले. त्यामुळे संस्था झपाट्याने वाढल्या. पण संचालकाशी बिनसलेल्या शास्त्रज्ञाला दाद मागायला जागा उरली नाही. बंगळूर, मुंबई आणि दिल्ली येथील तीन प्रकरणांतून हा प्रश्न पुढे आला.

जमशेटजी टाटांच्या देणगीतून स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी भौतिकशास्त्राचा नवा विभाग काढला आणि नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या माक्स बोर्न यांना १९३५ मध्ये बोलावून घेतले. बोर्न यांना कायमचे पद देण्यास काही प्राध्यापकांनी विरोध केला. जुन्या विभागांच्या वाट्याचा पैसा भौतिकशास्त्राकडे वळतो, अशीही तक्रार होती. सर जेम्स आयर्विन यांच्या समितीने १९३६ मध्ये कारभार तपासला आणि पुढच्या वर्षी रामन यांना संचालकपद सोडावे लागले. १९४८ पर्यंत ते तेथेच प्राध्यापक राहिले.

होमी भाभा याच संस्थेत काम करत असताना त्यांनी टाटा विश्वस्तांपुढे मूलभूत संशोधनाच्या नव्या केंद्राची योजना मांडली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईत आली. तिच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी हार्वर्डमध्ये शिकून आले होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही वनस्पतींच्या आनुवंशिकीत वापरले जाते. पुण्याहून मुंबईला ते डेक्कन क्वीनने ये-जा करत आणि नाण्यांचा, संस्कृत हस्तलिखितांचा व प्राचीन इतिहासाचा अभ्यासही चालू ठेवत.

पुढे भाभा आणि कोसंबी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५४ पासून अणुऊर्जा खात्याचे सचिवपदही त्यांच्याकडे आले. संस्थेचा संचालक आणि तिला पैसा पुरवणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख एकच झाला. कोसंबी शांतता चळवळीत होते. अणुऊर्जा भारताला परवडणारी नाही, भरपूर ऊन असलेल्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, असे ते जाहीरपणे सांगत. गणित विभागाची सूत्रे १९४९ मध्ये आलेल्या के. चंद्रशेखरन यांच्याकडे गेली आणि विभागाचा भर कोसंबींच्या आवडीच्या विषयांवर राहिला नाही. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतकाशी संबंधित एक निबंध छापला. त्यातील दावा गणितज्ञांना मान्य झाला नाही आणि त्यांची बाजू दुबळी झाली. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. एरवी विद्वानाच्या कामाबद्दल मतभेद होणे स्वाभाविक आहे. पण येथे राजकीय मतभेद, विषयांची निवड आणि कामाचे मूल्यमापन एकमेकांत मिसळले होते आणि त्यांचा निवाडा करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. १९६४ मध्ये कोसंबींना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद पद मिळाले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते १९६६ मध्ये निधन होईपर्यंत काम करत राहिले. त्यांच्या जाण्याने मुंबईच्या संस्थेने गणित, इतिहास आणि समाज यांचा एकत्र विचार करणारा माणूस गमावला.

नियम बदलले ते एका दुःखद घटनेनंतर. मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एका तरुण शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात संस्थेच्या कारभारावर गंभीर आरोप होते. संसदेत आवाज उठल्यावर सरकारने माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या भरती आणि बढतीच्या पद्धतीचीही समितीने छाननी केली. त्या वेळी बढती रिकाम्या जागेवर अवलंबून असे आणि एका जागेसाठी सहकारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होत. समितीच्या अहवालानंतर १९७३ मध्ये स्वतंत्र कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ स्थापन झाले आणि १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली. ठरावीक वर्षांनी कामाचे मूल्यमापन होऊन, जागा रिकामी होण्याची वाट न पाहता बढती मिळण्याची सोय झाली.

या व्यवस्थेचा संबंध नाशिक जिल्ह्यातील विंचूर-लासलगाव या कांद्याच्या पट्ट्याशीही पोहोचतो. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेले आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला हलवलेले कांदा-लसूण संशोधन केंद्र याच परिषदेचे. तेथील शास्त्रज्ञांची निवड या मंडळामार्फत होते. संचालकाच्या मर्जीऐवजी नियमाने निवड व्हावी, हे तत्त्व कृषी संशोधनात रुजले. संचालक आणि शास्त्रज्ञ यांच्यातील मतभेद मात्र केवळ नियमांनी मिटत नाहीत, त्यासाठी तक्रार ऐकणारी निःपक्ष जागा प्रत्येक प्रयोगशाळेत असावी लागते.