मुंग्या, लाइनिंगेन आणि हिवऱ्याची बोअरवेल

शनिवारी लॅपटॉप घेऊन नगरला घरी आलो (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून नगरच निघतं). डोक्यात एकच किडा: आमच्या क्लोजर प्रोजेक्टच्या बिल्ड टूलचं प्लगिन. ते मीच वाढवलं होतं आणि शुक्रवारचं रिलीज त्यानेच आडवं पाडलं.

थोडा इतिहास. स्टुअर्ट फेल्डमनने बेल लॅब्जमध्ये १९७६ साली 'मेक' लिहिलं. २००० मध्ये जावावाल्यांना 'अँट' मिळालं, म्हणजे मुंगी, आणि सोबत एक्सएमएलचं वारूळ. रिच हिकीची क्लोजर २००७ ची. दोनच वर्षांनी फिल हेगलबर्गने तिच्यासाठी टूल केलं, नाव 'लाइनिंगेन'. कार्ल स्टीफनसनच्या एका जुन्या कथेत या नावाचा ब्राझीलमधला मळेवाला मुंग्यांच्या फौजेशी लढतो. म्हणजे टोमणा थेट अँटला! गंमत म्हणजे त्याचं मुख्य हत्यार असतं पाणी.

लाइनिंगेनमध्ये नवा टास्क म्हणजे एक साधं फंक्शन. पण मला 'कंपाइल'च्या आधी काही फायली तयार हव्या होत्या, म्हणून मी हूक लावला. हूक मूळ फंक्शनभोवती गुपचूप गुंडाळला जातो. दुसऱ्या टीममधल्या मित्रानेही तिथेच एक लावलेला. आपापल्या मशीनवर दोघांचंही झकास, एकत्र आलं की क्रम उलटा.

रविवारी भावासोबत हिवरे बाजारला गेलो. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हा माणसं गाव सोडून चालली होती. राळेगणसिद्धीची कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने घेतली, पण तेवढ्यावर थांबलं नाही. शेतीसाठी बोअरवेल बंद. ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना मज्जाव. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा: आधी माणसं-जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर रब्बीत काय पेरायचं तेही त्यावरूनच.

बोअरवेल असते माझ्या रानात, पण ओढते सगळ्यांच्या खालून. हूकचंही तेच की हो! लाइनिंगेनवाल्यांनी हूक वापरू नका अशी वॉर्निंगही टाकलेली आहे. मी दोन महिने ती बघून न बघितल्यासारखी करत होतो.

रात्री हूक काढला. टास्क वेगळा केला आणि प्रोजेक्ट फाइलमधल्या 'प्रेप-टास्क्स'च्या यादीत, 'कंपाइल'च्या आधी, सगळ्यांना दिसेल असा लिहिला. मित्राला फोन केला, "तुझाही इथेच लिही, क्रम दोघं मिळून ठरवू."

"माझं तर चालतंय ना," तो म्हणाला.

सोमवारी बसायचं ठरलंय.