हत्तीचे डुक्कर झाले त्याची हकीकत

नाणी जमविणाऱ्यांची दुनिया जरा उफराटी आहे. टाकसाळीतून जे नाणे बिनचूक बाहेर पडले ते चार पैशांचे, आणि जे चुकून बाहेर पडले त्यावर मात्र बोली लागते! आम्ही पेशाने शिक्षक. मुलांच्या वहीतील चुकांखाली लाल रेघ मारण्यात आमचा दिवस जातो. त्यामुळे चुकीचीच जपणूक करणाऱ्या या लोकांविषयी आम्हाला सुरुवातीपासून कुतूहल वाटत आले आहे. पण आज लिहायचे आहे ते एका विशिष्ट चुकीविषयी. तिच्याशी आपल्या समाजाचे नाव जोडले गेले आहे, आणि ते कसे जोडले गेले हे कोणी फारसे विचारलेले नाही.

ही चूक आहे १९११ सालच्या चांदीच्या रुपयावरची. बाजारात त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात, म्हणजे डुकराचा रुपया.

त्याआधी नाण्यांवरील चुका कशा होतात ते थोडक्यात पाहू. नाणे तयार व्हायला तीन गोष्टी लागतात. धातूची कोरी चकती, दोन बाजूंचे दोन ठसे आणि यंत्राचा दाब. चूक या तिन्हींपैकी कुठेही होते. चकतीच अर्धवट कापली गेली तर नाण्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो. चकती ठशाखाली नीट बसली नाही तर छाप एका कडेला सरकतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर तीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. अशा नाण्याला आपल्याकडचे व्यापारी ‘लाखी’ म्हणतात आणि काही लोक ते बरकतीसाठी तिजोरीत ठेवतात. या सगळ्या एकेका नाण्याच्या चुका. ठशावरच काही चुकले असेल तर मात्र त्या ठशातून निघणारे प्रत्येक नाणे ती चूक घेऊनच जन्माला येते. फळ्यावर गुरुजींनीच चुकीचे लिहिले तर चाळीस वह्यांत तेच उतरते, तसे.

प्रूफ नाण्यांत हा फरक फार चांगला कळतो. प्रूफ नाणे खर्चासाठी नसते. आरशासारखी घासलेली चकती, घासलेला ठसा, दाब एकापेक्षा अधिक वेळा, आणि प्रत्येक नाणे हातमोजे घालून तपासून डबीत ठेवायचे. आपल्या मुंबईच्या टाकसाळीने १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने प्रूफ संच काढले. त्यात दहा रुपयांचे चांदीचे नाणेही होते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर सालाखाली ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असायचे, १९९६ पासून ‘एम’ आले. खर्चाच्या नाण्यांवर मात्र पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण असते. इतक्या तपासणीतून सरकलेला किंवा तुटका छाप सहसा सुटत नाही, म्हणून चुकलेले प्रूफ नाणे अतिदुर्मीळ. पण चूक ठशाच्या नक्षीतच असेल तर तपासणारा काय करणार? प्रूफमध्ये ती उलट अधिकच ठसठशीत दिसते.

या टाकसाळीची ओळख करून घ्यायला आम्हा पनवेलकरांना फार लांब जावे लागत नाही. हार्बर लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, फोर्टच्या बाजूला चालू लागावे. रिझर्व्ह बँकेसमोर ती दगडी इमारत उभी आहे. १८२० च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स या इंजिनियर अधिकाऱ्याने ती बांधून घेतली आणि विलायतेहून वाफेची यंत्रे आणून तेथे बसविली. जवळच फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. २००४ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले होते. शाळेच्या सहलीला एस्सेल वर्ल्ड ऐवजी येथे नेऊ या, असे आम्ही एकदा सुचविले होते. मुलांचे चेहरे पाहून तो विषय तेथेच सोडला. असो.

उर्दू वाचता येणाऱ्याला या टाकसाळीच्या जुन्या रुपयात एक वेगळीच मौज सापडते. कंपनी सरकारने मुंबईत रुपये पाडले ते कित्येक वर्षे सुरतेच्या रुपयाच्या धर्तीवर, फारसी अक्षरांत आणि बादशहा शाह आलम याच्या नावाने. शाह आलम १८०६ साली वारला. तरी वाफेच्या यंत्रातून त्याच्याच नावाचे रुपये निघत राहिले, ते पार १८३५ पर्यंत. त्या साली नवा कायदा झाला आणि रुपयावर विलायतेच्या राजाचा चेहरा आला. या यंत्राच्या रुपयांवर दोन आकडे आढळतात. हिजरी १२१५ आणि जुलूस, म्हणजे राज्यारोहणाचे वर्ष, ४६. हिशेब करून पाहावा. शाह आलम गादीवर बसला हिजरी ११७३ मध्ये. तेव्हा त्याचे ४६ वे वर्ष येते हिजरी १२१८ मध्ये. म्हणजे एकाच रुपयावरचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत! पण कंपनीला त्याची फिकीर नव्हती. लोकांच्या नजरेला सवयीचा रुपया दिसला, चांदी पुरी भरली, की झाले. सालाला अर्थच उरला नव्हता, ती केवळ नक्षी झाली होती. पुढे राणीच्या राज्यातही मुंबईत १८६२ हे साल रुपयावर बरीच वर्षे तसेच ठेवले गेले आणि खरे वर्ष ओळखायला ठिपके टाकले गेले. हे ठिपके मोजत बसणारे संग्राहक आजही आहेत.

या पार्श्वभूमीवर १९११ कडे या. पंचम जॉर्ज गादीवर आलेला, डिसेंबरात दिल्ली दरबार भरायचा, म्हणून नवा रुपया हवा. राजाची छबी बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराची. राजाच्या अंगावर झगा, आणि त्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या मानाच्या किताबाची माळ. या माळेत हत्ती, मोर आणि कमळफुले गुंफलेली असतात. नाण्यावर त्यातील हत्ती आला खरा, पण एवढ्याशा जागेत त्याची सोंड आखूड राहिली, अंग गोलमटोल झाले. भिंगाखाली धरले तर खरोखरच डुक्कर वाटते. दुसऱ्या बाजूला फुलापानांच्या वेलीत इंग्रजी अक्षरे, आणि मधोमध फारसी लिपीत ‘यक रुपिया’. एका अंगाला आपली लिपी, दुसऱ्या अंगाला ते जनावर!

कलकत्ता आणि मुंबई मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले. त्यातले सुमारे सात लाख लोकांच्या हाती गेले. मग सरकारने उरलेले थांबविले आणि वितळविले. १९१२ पासून नवा ठसा आला, त्यात हत्तीची सोंड स्पष्ट आहे.

कॅटलॉग उघडले की याचे कारण एका ओळीत मिळते: मुसलमानांच्या भावना दुखावल्या म्हणून नाणे मागे घेतले. आम्ही जेवढी कॅटलॉगे चाळली त्यांत या ओळीच्या पुढे काही नाही. कोणत्या शहरात, कोणी, कोणत्या तारखेला तक्रार केली, अर्ज दिला की सभा घेतली, काही नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरविले. आज एखादा दुकानदार गिऱ्हाईकाला हा रुपया दाखवितो तेव्हा हसत हसत तीच ओळ सांगतो. आम्हालाही सांगितली. नाव विचारल्यावर जरा ओशाळला बिचारा.

तक्रारी झाल्याच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. झाल्या असतील, आणि त्यात गैरही काही नाही. पण नाणी स्वतः काय साक्ष देतात तेही ऐकायला हवे. तोच राजा, तोच झगा आणि तोच बिघडलेला हत्ती १९११ च्या इतर नाण्यांवरही आहे. त्या साली ब्रॉंझचा पाव आणा, म्हणजे जुना पैसा, साडेपाच कोटींहून अधिक पाडला गेला. तो आजही सहज मिळतो. वितळविले गेले ते रुपये. महिन्याला दोन-चार रुपये पाहणाऱ्या गरीब माणसाच्या हातात रोज खेळत होता तो पैसा. नमाजी माणसाच्या खिशात तोच, मशिदीच्या पेटीत तोच. समाज इतका पेटून उठला असता तर पैसा आधी परत आला नसता का? पैशावर जनावर इतके बारीक आहे की कोणाच्या लक्षातच आले नसेल, हेही खरे असू शकते. पण मग रुपयावर तरी ते किती जणांनी भिंग लावून पाहिले असेल?

आमचा अंदाज असा की येथे भावनेपेक्षा सरकारची धास्ती मोठी होती. १८५७ ची काडतुसे इंग्रज विसरलेले नव्हते. गाईची आणि डुकराची चरबी हे शब्द त्यांना पुरेसे होते. त्यात १९११ चे ते वर्ष. सप्टेंबरात इटलीने तुर्कांच्या तराबलुसवर हल्ला केलेला. डिसेंबरात दरबारातच बंगालची फाळणी रद्द झाली आणि पूर्व बंगालचे मुसलमान नाराज झाले. अशा वेळी कोणी नुसता शब्द उच्चारला तरी सरकार रुपये भट्टीत घालणारच. चांदी परत मिळत होती, तोटा फक्त मजुरीचा. प्रशासनाने सावधगिरीने एक ठसा दुरुस्त केला. पण कॅटलॉगात त्याचा झाला एका कौमेचा स्वभाव! ठसा करणाऱ्याची चूक तळटीपेतही नाही, आणि चिडणारे मात्र ठळक.

आमच्या वर्गातील एका मुलीने मध्यंतरी आपल्या दादीच्या पेटीतला रुपया आणला होता. १९१८ चा निघाला. त्याला माळेत ओवण्यासाठी कडी डाग देऊन जोडलेली. संग्राहकाच्या लेखी अशा नाण्याची किंमत संपली. पण वर्गाला आम्ही भिंगातून हत्ती दाखविला, मग १९११ च्या पैशावरचा दाखविला. “सर, हा तर उंदीर आहे,” एक जण म्हणाला. तराबलुस, बंगाल आणि दरबार हा धडा त्या दिवशी पुस्तकाशिवाय झाला.

ज्यांच्या घरी जुनी पेटी आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस खालच्या कमळाखाली उठावाचा ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, त्यामुळे आखातात किंवा विलायतेत असलेल्या नातेवाइकाकडे १९११ चा रुपया पाठविता येत नाही. पकडीत दाबून किंवा हातोड्याने ठोकून केलेली ‘चुकीची’ नाणी बाजारात खूप आहेत. टाकसाळीची चूक धातूच्या प्रवाहात दिसते, हातोड्याची चूक फक्त जखम असते. ‘प्रूफ’ म्हणून सांगितलेल्या ब्रिटिश नाण्याबाबतही चौकशी करावी, कारण टाकसाळी १९७० च्या सुमारापर्यंत शौकिनांना जुन्या ठशांतून नवी नाणी पाडून देत असत. आणि अमुक पाच रुपयांना लाखो रुपये देतो म्हणून आधी ‘फी’ मागणाऱ्यांना फोनवरच सलाम करावा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

पेटीत १९११ चा पैसा सापडला तर भिंगाखाली जरूर पाहा, पण चिंच लावून घासू मात्र नका. शंभर वर्षांचा काळसर रंग एका घासण्यात जातो, आणि त्याच्याबरोबर ते बिचारे जनावरही.