चेतक आणि त्याचे सुटे भाग



मी पंडित नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा इतिहासाकडे मी कामगाराच्या बाजूने पाहिले, तर आपण क्षमा कराल.

वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. लढणाऱ्या कमांडांची नावे वर्तमानपत्रांत येतात. दुरुस्ती आणि सामान पाहणाऱ्या या कमांडचे नाव क्वचितच. यंत्रांच्या इतिहासातही हाच न्याय चालतो. पहिल्या उड्डाणाची तारीख सर्वांना पाठ, सुट्या भागांची हकीकत कोणालाच ठाऊक नाही.

चेतक हेलिकॉप्टरचेच पाहा. त्याचे मूळ फ्रेंच रूप १९५९ साली प्रथम उडाले आणि १९६० मध्ये हिमालयातील देव टिब्बा शिखरावर, ६,००४ मीटर उंचीवर उतरले. डोंगराळ सीमा असलेल्या देशाला असे वाहन हवेच होते. १९६२ मध्ये परवान्याचा करार झाला, आणि बंगळूरला जुळवलेले पहिले यंत्र ११ जून १९६५ रोजी उडाले. नाव मिळाले राणा प्रतापांच्या घोड्याचे.

पण परवाना मिळाला म्हणजे यंत्र आपले झाले असे नव्हे. पाती, गिअरबॉक्स, शेपटीचा पंखा अशा भागांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत बांधलेले असते. तास भरले की भाग कितीही चकचकीत दिसो, उतरवावाच लागतो; कारण धातूलाही थकवा येतो. कामगाराची रजा नाकारता येते, धातूची नाही! फ्रान्समधले उत्पादन १९८०च्या दशकात थांबले. आपल्याकडची यंत्रे मात्र उडतच राहिली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा रशियन बनावटीच्या यंत्रांच्या भागांचीही ओढाताण झाली. भाग घडवणारा हात आपला नसेल, तर यंत्र उसने असते, हा त्यातला धडा.

तरुणपणी मी एका कारखान्यात होतो. तेथे एका यंत्राच्या गिअरचे दाते झिजले होते. मागणीचा कागद तीन महिने या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला. एका रात्रपाळीत माझ्या सोबत्याची दोन बोटे गेली. चौकशीत शेरा पडला : कामगाराचा निष्काळजीपणा. त्या कागदाची चौकशी कोणी केली नाही.

म्हणून २०१४-१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी, जुनी चेतक-चीता उडवणे थांबवा, अशी मागणी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांकडे केली, तेव्हा ती भाषा मला ओळखीची वाटली. उडणारा वेतनावर असो की मजुरीवर, घरी वाट पाहणारे माणूस एकच प्रश्न विचारते : यंत्र धड आहे ना?

नवे देशी हलके हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रथम उडाले; त्यासाठी तुमकूरचा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला. आनंदच आहे. मात्र नव्याचेही एक दिवस जुने होणार. त्या दिवशी त्याचा भाग फळीवर असेल की नाही, हे आज ठरते. कोनशिलेवर नसलेला भांडारपाल आणि कानस हाती धरलेला फिटर ते ठरवतात. त्यांना पुरेसा पगार, पुरेसा वेळ आणि ‘हा भाग चालणार नाही’ असे निर्भयपणे म्हणण्याचा अधिकार द्या. एवढेच मागून मी आपली रजा घेतो.