जखमेचा टक्का

लोहगडवाडीसारख्या गावात एखादा फौजी आजारपणाचे कागद घेऊन कायमचा घरी आला, की जाणती माणसं विचारतात, ‘मेडिकल बोर्डानं अपंगत्वाचे टक्के किती दिले?’ जखमेला टक्का लावायची ही रीत आली कुठून?

तिचं आपल्याकडचं मूळ सभासदाच्या बखरीत सापडतं. १६५९ साली अफजलखानाचा पाडाव झाल्यावर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना २००, १००, ५०, २५ असे होन दिले, तेही ज्याची त्याची जखम पाहून. टक्का नव्हता, पण प्रतवारी होती. माप डोळ्यांचं होतं.

शेकड्याचा हिशेब पक्का झाला तो पहिल्या महायुद्धात. ब्रिटनच्या १९१७च्या फर्मानात दोन अवयव गमावलेल्याला १०० टक्के होते आणि चेहरा अतिशय विद्रूप झालेल्यालाही १००च. त्याच वर्षी अपंग हिंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरी संस्था मुंबईत निघाली. पुढे ती खडकीला आली, म्हणजे लोहगडवाडीजवळच्या मळवली स्टेशनाहून लोकलच्या वाटेवरच.

तुटलेला हात उद्याही तुटलेलाच असतो. सोरायसिस आणि इसब यांचं तसं नाही. भरात असले की पाठीवरून खवले गळतात, तळपायांना भेगा पडतात, बुटात पाय घालवत नाही. बोर्डाची तारीख येईतो कातडी निवळलेलीही असते. डॉक्टर अशा रोगाचा पसारा रुग्णाच्याच हातानं मोजतात: बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. पण हा कातडीचा टक्का झाला, अपंगत्वाचा नव्हे. दोन्ही तळहात फाटले तरी हिशेब जेमतेम दोनाचा, आणि रायफल मात्र धरवत नाही.

अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या अपंगत्वाच्या तक्त्यानं यावर तोड काढली. रोग ४० टक्क्यांहून जास्त अंगावर असेल तर अपंगत्व ६० टक्के. आणि चट्टे कमी दिसले, पण वर्षभर जवळजवळ सतत गोळ्या-इंजेक्शनं चालू असली, तरी ६०च. औषधानं दाबलेला आजारही तिथं मोजणीत येतो.

आपल्याकडे गाडी अडते ती टक्क्याच्याही आधी. अपंगत्वाची पेन्शन मिळायला अपंगत्व किमान २० टक्के हवं, शिवाय ते नोकरीमुळे जडलं किंवा बळावलं असं ठरायला हवं. सोरायसिसला ‘प्रकृतीचाच दोष’ म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. पण कातडी जिथे घासते किंवा खरचटते तिथेच या रोगाचा नवा चट्टा उठू शकतो, हे जर्मन डॉक्टर कोब्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. पाठीवरच्या ओझ्याचा पट्टा, कमरेचं बक्कल, बुटाची कड: फौजीच्या अंगावर घासणाऱ्या जागा थोड्या नसतात.

२०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीतलाच धरावा, तसा नसल्याचं सिद्ध करणं सरकारचं काम. २०१४च्या राम अवतार निकालानं टक्के वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. त्यामुळे २० टक्के असले तरी हिशेब ५०चा होऊ लागला. २०२३च्या नियमांनी पुढच्या निवृत्तांसाठी अपंगत्वापोटी मिळणाऱ्या या रकमेचं नावही बदललं.

बोर्ड अजूनही जखम पाहूनच टक्का लावतं. म्हणून शहाणा फौजी बोर्डापुढे जाताना भराच्या दिवसांतले फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बूट घालायला मनाई केलेला युनिटच्या डॉक्टरचा जुना कागद पिशवीत घालतो. कातडी त्या दिवशी निवळलेली असली, तरी कागदावरचा चट्टा निवळत नाही.